दोनशे रुपयांचं बक्षीसपत्र

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात दर महिन्याला एक व्याख्यान असतं. विषय बहुतेकदा मधुमेह किंवा भगवद्गीता. गेल्या महिन्यात मात्र 'म्हातारपण आणि मालमत्तेचं नियोजन' असा विषय होता, आणि नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या त्या छोट्या सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. वक्ते तरुण, टाय लावलेले, पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकवणारे. त्यांचं सांगणं थोडक्यात असं : लांबलेलं आजारपण घर खाऊन टाकतं, म्हणून घर वेळेत मुलांच्या नावावर करून सुरक्षित करा, निदान पाच वर्षं आधी करा. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीसपत्राने, म्हणजे मोबदला न घेता, द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, हेही त्यांनी ठासून सांगितलं. शहरातला अधिभार लागतो तो वेगळा, पण विक्रीखताच्या मानाने ते काहीच नाही.

मग चर्चा पेटली. एक गट म्हणे, आपलं काय उरलं आता, देऊन मोकळं व्हावं, मुलं आपलीच आहेत. दुसरा म्हणे, चुकूनही सही करू नका, आज सही केली की उद्या वृद्धाश्रम. प्रत्येकाकडे शेजाऱ्याची एक गोष्ट होती. कोणाच्या गोष्टीतला मुलगा श्रावणबाळ, कोणाच्यातला कसाई. तासभर हेच चाललं. चहा आला, थंड झाला. ''अरे भाऊ, सगळेच पोट्टे सारखे नसतेत,'' हे वाक्य मी किमान सात वेळा ऐकलं. पण पाच वर्षंच का, हे कोणी विचारलं नाही. महालेखाकार कार्यालयात माझी चौतीस वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली. आकडा दिसला की त्याचं मूळ शोधायची खोड अजून जात नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हयातीत राहतं घर मुलांना बक्षीस देऊ नये. मुलं चांगली की वाईट, या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. तो वादच मुळात चुकीच्या जागी घातला जातोय. घर हे आधी आपल्या म्हातारपणाच्या खर्चाचं साधन आहे आणि नंतर वारसा. हा क्रम उलटा केला की चांगला मुलगासुद्धा आई-बापाला वाचवू शकत नाही.

आता ती पाच वर्षं. ती अमेरिकेतून आली आहेत. तिथे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा दीर्घकाळच्या शुश्रूषेचा, म्हणजे आंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं याचा खर्च सहसा देत नाही. तो खर्च देणारी मेडिकेड नावाची गरिबांसाठीची योजना आहे, आणि ती लागू व्हायची तर माणसाकडे स्वतःचं फारसं काही उरलेलं नसावं लागतं. म्हणून तिथले लोक मालमत्ता आधीच मुलांकडे किंवा ट्रस्टकडे वळवतात, आणि म्हणूनच सरकार अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतली बक्षिसं तपासतं. तिथे या सल्ल्याला अर्थ आहे : घर दिलं तर खर्च सरकार उचलेल. आपल्याकडे कोण उचलणार? सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून वर्षाला ५ लाखांचं आयुष्मान कवच मिळतं, पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरचं. दवाखान्यातून घरी आणल्यावर दोन वर्षं जी बाई ठेवावी लागते तिचा पगार त्यात नाही. निराधारांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे, महिना १५०० रुपये. ज्याच्याकडे बजाजनगरात घर होतं आणि त्याने ते मुलाला देऊन टाकलं, त्याच्यासाठी ती नाही. म्हणजे वक्त्यांनी कुलूप परदेशातून आणलं, पण इथे त्या मापाचं दारच नाही.

हयातीत नावावर करून टाकण्याची आपली जुनी सवयही तपासण्यासारखी आहे. १९५३ पासून १९८५ पर्यंत या देशात मृत्युकर होता आणि मोठ्या मालमत्तांवर त्याचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. तेव्हाच्या पैसेवाल्यांनी आणि त्यांच्या वकिलांनी जिवंतपणी वाटण्या केल्या, त्याला कारण होतं. कर गेला त्याला चाळीस वर्षं झाली. शहाणपण म्हणून सवय तेवढी मागे राहिली, आणि ज्यांना तो कर कधी लागलाच नसता अशा कारकुनांच्या घरांतही ती शिरली.

माझ्या मामांचं सांगतो. वीज मंडळातून निवृत्त झालेले, स्वतःच्या पैशाने प्लॉट घेऊन बांधलेलं घर, अंगणात संत्र्याचं एक झाड. त्याला फळ कधी धरलं नाही, पण मामांनी ते तोडलं नाही. २०१६ मध्ये त्यांनी घराचं बक्षीसपत्र मुलाच्या नावे केलं. माझा मामेभाऊ सरळ माणूस आहे. कळमन्याच्या बाजारात त्याचा धान्याचा व्यवसाय होता. घर नावावर आलं तसं ते तारण ठेवून त्याने भांडवल वाढवलं, आणि यात चूक काय? बापानेच दिलेलं घर होतं. २०२० च्या टाळेबंदीत उधारी अडकली, हप्ते थकले, घर बँकेने ताब्यात घेऊन विकलं. सगळे मानेवाड्याला भाड्याच्या दोन खोल्यांत गेले आणि पुढच्याच वर्षी मामांना लकवा मारला.

विमा कंपनीने धंतोलीतल्या रुग्णालयाचे नऊ दिवस भरले. त्यानंतरचा हिशेब माझ्या हातचा आहे, कारण वही मीच ठेवली. शुश्रूषेला बायका पुरवणाऱ्या ब्युरोची दिवसाची बाई ६०० रुपये, रात्रीची ६५०. महिन्याचे झाले ३७,५००. डायपर, हवेची गादी, नळीतून द्यायचं अन्न, औषधं, आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपिस्ट. सगळं मिळून ५५ हजारांच्या खाली एकही महिना गेला नाही. मामा अठ्ठावीस महिने जगले. गुणाकार करून पाहा : १५ लाख ४० हजार. आणि हे घरातल्या माणसांचे हात न मोजता.

या गोष्टीत कसाई कुठे आहे? मामेभाऊ रात्री स्वतः बापाची कूस बदलायचा. तो निष्ठुर असता तर निदान त्याच्याविरुद्ध तक्रार तरी करता आली असती. घर मामांच्या नावावर राहिलं असतं तर ते विकून, भाड्याने देऊन किंवा तारण ठेवून हे अठ्ठावीस महिने निघाले असते आणि वर काही उरलंही असतं. मुलाचं दिवाळं मुलापुरतं राहिलं असतं. बक्षीसपत्राने झालं काय, तर म्हाताऱ्या माणसाचं छप्पर एका तरुण माणसाच्या धंद्याला, त्याच्या कर्जाला, त्याच्या तब्येतीला, त्याच्या संसाराला बांधलं गेलं. आपण विचारतो, मुलगा सांभाळेल का? विचारायला हवं ते हे, की त्याच्यावर वेळ आली तर आपलं काय?

आणि वेळ म्हणजे फक्त धंदा बुडणं नव्हे. मुलगा आधी गेला तर? हा प्रश्न आपण तोंडातून काढत नाही, ''असं अभद्र काऊन बोलता'' म्हणतो. पण हिंदू वारसा कायदा, जो बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे, तो याचं उत्तर देऊन बसलाय. मृत्युपत्र न करता मुलगा वारला तर त्याच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत त्याची बायको, मुलं आणि आई येते. बाप येत नाही. बाप दुसऱ्या वर्गात. म्हणजे ज्याने प्लॉट घेतला, विटा मोजून घेतल्या, उन्हाळ्यात रोज संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारलं, त्याचा त्या घरात कायद्याने एक चौरस फूटही हिस्सा उरत नाही. हे मी मंडळात सांगितलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा विचारलं, ''बाप नाही?'' नाही.

देऊन टाका म्हणणाऱ्यांची बाजू मला पोकळ वाटत नाही. मागे वारसांत भांडणं लागण्यापेक्षा आपण डोळ्यांदेखत निकाल लावावा, यात तथ्य आहे. नागपूरच्या दिवाणी न्यायालयात आजोबांनी लावलेला वाटणीचा दावा नातू चालवतोय, अशी घरं मलाही ठाऊक आहेत. आखीव पत्रिकेवर, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदीवर, नाव चढवणं, नागपूर सुधार प्रन्यासाच्या लीजवर वारसांची नोंद करणं, या चकरा बापाच्या हयातीत झालेल्या बऱ्या. पण हा सगळा फायदा मृत्युपत्रातूनही मिळतो, आणि मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागतच नाही. दोनशे रुपयेसुद्धा नाहीत. दोन साक्षीदारांसमोर सही, बस. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी. पुढे कोणी 'बाबांची ही सही नव्हेच' म्हणाला तर ती उपयोगी पडते. मृत्युपत्र उद्या बदलता येतं. बक्षीसपत्र पुरं झालं की देणाऱ्याच्या नुसत्या मर्जीने परत घेता येत नाही, हा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासूनचा नियम आहे.

''पण आता कायदा आहे ना आई-बापासाठी,'' असं कोणीतरी म्हणतंच. आहे. २००७ चा, आई-बाप आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. त्याचं कलम २३ म्हणतं की सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर देणाऱ्याला ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. चांगली तरतूद आहे. फक्त वाक्यातला 'अटीवर' हा शब्द लोक वाचत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अशी अट होती हे दाखवता आलं पाहिजे, नुसतं नातं पुरेसं नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने एका आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचायला हवा असं म्हटलं, त्याचा सगळीकडे गाजावाजा झाला. पण त्या प्रकरणात मुलाने सांभाळण्याचं लेखी वचन दिल्याचा कागद होता, हे गाजावाजात राहून गेलं. आपल्याकडची बक्षीसपत्रं कशी असतात? 'नैसर्गिक प्रेम व जिव्हाळ्यापोटी, कोणताही मोबदला न घेता.' जिव्हाळा छापील असतो, अट नसते. तेव्हा द्यायचंच असेल त्यांनी निदान हयातीपर्यंत राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क नवरा-बायको दोघांसाठी राखून, सांभाळण्याची अट शब्दांत लिहून द्यावं.

शिवाय अट लिहिली तरी ती वापरायची कोणी? ऐंशीच्या बाईने, उपविभागीय अधिकाऱ्यासमोर, ज्याच्या ताटात जेवते त्याच्याविरुद्ध. हा अधिकारी न्यायाधिकरण म्हणून नव्वद दिवसांत निर्वाहाचा निकाल देईल असं कायदा म्हणतो, पण त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावर निवडणुका, पंचनामे आणि भूसंपादनही असतं. आणि निर्वाह मिळाला तरी किती? कायद्याने कमाल मर्यादा महिना १० हजार घातली आहे. ती काढण्याचं विधेयक २०१९ मध्ये संसदेत आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. वहीतले ५५ हजार आठवा. मामांच्या बाबतीत तर कलम २३ लावणार कशाला? मुलाने नकार दिलाच नव्हता. त्याच्याकडे काही उरलं नव्हतं.

आता दुसऱ्या गटाकडे येतो, नाहीतर त्यांना वाटेल मी त्यांचा. 'कशावरच सही करू नका' हे शहाणपण नव्हे, ती नुसती चालढकल आहे. ती काय करते हे नागपूरकरांना सांगायला नको. तिसरे रघुजी भोसले ११ डिसेंबर १८५३ ला वारले. मुलगा नव्हता, आणि दत्तकाचा विषय मागे पडत गेलेला होता. पुढच्या वर्षी इंग्रजांचा गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केलं. महाल भागातल्या वाड्यातून हत्ती, घोडे, बैल निघाले ते याच शहरात लिलावात कवडीमोलाने गेले, जडजवाहीर कलकत्त्याला रवाना झालं, आणि म्हाताऱ्या राणी बाकाबाईंनी विरोध केला तरी काही चाललं नाही. दत्तक घेतला असता तर राज्य वाचलंच असतं असं मी म्हणत नाही. झाशीत दत्तक असूनही इंग्रजांनी तो मानला नाही. पण झाशीकडे निदान लढायला एक कागद होता. नागपूरकडे तोही नव्हता.

आपल्या घरातला डलहौसी म्हणजे स्मृतिभ्रंश. किंवा लकवा. मामांच्या नावावर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १२ लाख होते, एकट्याच्या नावावर. ते मोडायला हवे होते. बँकेचा अधिकारी भला माणूस, म्हणाला, काका समजून अंगठा देत असतील तर मी घरी येऊन साक्षीदारांसमोर घेतो. तो खरंच आला. मे महिना, कूलरच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं म्हणून मामींनी कूलर बंद केला. त्याने शाईची डबी उघडली, वाकून विचारलं, ''काका, कशासाठी अंगठा घेतोय माहीत आहे ना?'' मामा पंख्याकडे पाहत राहिले. त्याने पुन्हा विचारलं. मामांनी डोळे मिटले. तो मिनिटभर थांबला आणि डबीचं झाकण लावलं. ''कसा घेऊ, तुम्हीच सांगा,'' म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मामेभावाकडे मामांचं नोंदणीकृत मुखत्यारपत्र, म्हणजे 'पॉवर ऑफ अटर्नी', होतं. आम्हाला वाटलं, हे याच दिवसासाठी केलंय. पण आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे नेमणाऱ्याची सारासार बुद्धी गेली की मुखत्यारपण संपतं. म्हणजे ज्या दिवशी त्या कागदाची खरी गरज लागते, त्याच दिवशी तो रद्दी होतो. इतर काही देशांत बुद्धी गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे ती सोयच नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशा माणसाच्या मालमत्तेसाठी जिल्हा न्यायालयाकडून व्यवस्था लावून घेता येत असे. २०१७ च्या नव्या कायद्याने रुग्णाचे हक्क पुष्कळ वाढवले, पण मालमत्तेची ती तरतूद गळाली. आता उच्च न्यायालयात याचिका करून पालक नेमून घ्यावा लागतो. सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठाची ती देखणी इमारत आपण बाहेरून पाहिलेली असते. आत जायचा खर्च वेगळा. आमचं घर शेवटी चाललं ते मामींना एटीएमचा पिन पाठ होता म्हणून, आणि काटेकोर बोलायचं तर तेही बेकायदाच. घर द्यावं की न द्यावं यावर तासभर भांडणाऱ्या आमच्या मंडळाने या भोकाबद्दल खासदाराकडे एक निवेदन दिलं असतं तर चहा सत्कारणी लागला असता.

तोवर आपल्या हातात आहे ते करावं. बँकेतली खाती नवरा-बायकोच्या जोडनावाने, दोघांपैकी कोणीही चालवील अशी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त पैसे उचलून वारसांना देणारा. हे न्यायालयांनी १९८३ पासून २०२३ पर्यंत पुन्हा पुन्हा सांगितलंय, तेव्हा नॉमिनी टाकला म्हणून मृत्युपत्र टाळू नये. नळ्या कधी काढायच्या याचा निर्णय मुलांच्या गळ्यात अडकवायचा नसेल तर तशी वैद्यकीय इच्छा आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं.

माझ्या भूमिकेवरचा सगळ्यात जड आक्षेप मंडळात कोणी घेतला नाही, माझ्या बायकोने घरी घेतला. ''आणि जी सून बारा वर्षं करून राहिली तिचं काय? तुम्ही मृत्युपत्र लिहाल, मग अमेरिकेतल्या मुलाचा फोन येईल, तुम्ही बदलाल.'' हे खरं आहे. मृत्युपत्राची जी लवचीकता मी गुण म्हणून सांगतो, तीच सांभाळणाऱ्याच्या मानेवर टांगती तलवार असते. जो मुलगा बदली नाकारून इथे राहिला, ज्याने बापाच्या प्लॉटवर स्वतःच्या कर्जाने वरचा मजला चढवला, त्याने काय भरवशावर राहायचं? पुण्यातल्या भावाचा हिस्सा सारखाच. सारखं म्हणजे न्याय्य का? मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही. पण बक्षीसपत्र हे उत्तर नाही एवढं नक्की, आणि त्याचं कारण कायद्यातच पडलंय. त्या २०० रुपयांच्या सवलतीच्या यादीत नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत. सून आहे, पण मयत मुलाची बायको म्हणून. सासूचं गू-मूत काढणाऱ्या बाईला या यादीत यायचं तर आधी विधवा व्हावं लागतं. सासऱ्याच्या थेट वारसांतही ती त्याच दारातून येते. म्हणजे आपण सेवेचं बक्षीस म्हणून जे देतो ते सेवा न करणाऱ्या नवऱ्याच्या नावावर जातं.

तिला द्यायचं असेल तर तिलाच द्या, आणि आता द्या. ब्युरोला दिवसाचे १,२५० मोजायला आपली ना नसते. मग घरातल्या बाईच्या खात्यात दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकायला आपल्याला लाज का वाटते? सुनेला पगार द्यायचा, असं कोणी म्हणेल. हो, द्यायचा. तिने नोकरी सोडलेली असते, तिचा भविष्यनिर्वाह निधी तिथेच थांबलेला असतो. वरच्या मजल्यावर मुलाने किती घातले याचा लेखी करार बाप धडधाकट असताना करावा. मृत्युपत्रात सुनेचं नाव घालून, कोणाला जास्त का आणि कोणाला कमी का याचं कारण लिहावं, आणि ते मुलांना समोर बसवून, अमेरिकेतल्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन वाचून दाखवावं. मी तसं केलं. दोन दिवस घरात कोणी नीट बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मुलीने विचारलं, ''बाबा, तुमच्या त्या बाकीच्या फाइली कुठे असतात?''

कायदा घरात आणला की नातं आटतं, असं म्हणतात. हे शहरातल्यांनी काढलेलं खूळ आहे. काटोलकडे माझ्या आजोळी असं कोणी म्हणत नसे. आजोबांनी दोन्ही मुलांत शेताची वाटणी केली तेव्हा चार एकर स्वतःकडे ठेवले. तो म्हाताऱ्याचा वाटा. जो शेवटपर्यंत करील त्याचा तो, हे चारचौघांत सांगितलेलं आणि पुढे कागदावर लिहिलेलं. कोणाला त्यात अविश्वास दिसला नाही. घराण्यातल्या बायकांना चोळीबांगडीसाठी जमीन तोडून देण्याची रीतही त्याच जातीची. प्रेम आहे की नाही हा प्रश्न तिथे नव्हताच, भाकर कोणत्या जमिनीतून येणार हा होता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना जे कळलं, ते पेन्शनवाल्यांना आणि त्यांच्या इंजिनीअर मुलांना कळेनासं झालं, याला प्रगती म्हणायचं का?

सरकारने काही करायला हवं हा मुद्दा मान्यच आहे. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये शुश्रूषेचा वेगळा सक्तीचा विमा आणला, नोकरीच्या वयातच हप्ता घेऊन. आपल्याकडे २००७ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने उलटं गृहकर्ज आणलं : साठीनंतर घर बँकेकडे तारण, महिन्याला रक्कम हातात, घर सोडायचं नाही, मागे वारसांनी कर्ज फेडून घर सोडवायचं. कल्पना चांगली होती. ती फारशी रुजली नाही. एक तर स्पष्ट मालकी लागते आणि नागपुरात कितीतरी घरं गुंठेवारीच्या, म्हणजे परवानगीविना तुकडे पाडून विकलेल्या, लेआउटवर उभी आहेत. दुसरं म्हणजे 'बापाने घर बँकेला खाऊ घातलं' हे ऐकून घ्यायची कोणाची तयारी नसते. बापानेच बांधलं, बापानेच खाल्लं, तर बोभाटा कसला?

मामा गेल्यावर आजोबांचे ते चार एकर तेवढे उरले. आजोबांची शेवटची तीन वर्षं मामींनी काढली होती म्हणून ते मामांकडे आले होते. सातबाऱ्यावर आता मामी, मामेभाऊ आणि अमरावतीची मामेबहीण अशी तिघांची नावं आहेत. दिवाळीत मामेभाऊ हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आला. जमीन विकून उरलेलं देणं फेडायचं, आईला आपणच ठेवणार आहोत, असं म्हणाला, आणि तो खरंच ठेवील. बहीण सही करायला तयार होती. मामी बहात्तर वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत, साखर आहे. त्यांनी मसुदा माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, ''करू का रे?''

मी नको म्हणालो. मामेभाऊ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. संत्र्याचा मृग बहार यंदा बरा आहे, असं मामी परवा फोनवर सांगत होत्या.